खिडकीतल्या तीन बाटल्या

"दार लावायचं नाही," हवालदार म्हणाला. "पाठही करू नकोस. मला दिसलं पाहिजे."

सरकारी दवाखान्याची मुतारी. दुपारचे चार. बाहेर केसपेपरची रांग. माझ्या हातात प्लास्टिकची बाटली. मला होईना. हवालदाराने नळ सोडला. "नवरी आहेस का लाजायला? ओढताना नाही लाजलास." रांगेतले दोघे हसले. एका बाईने मान वळवली. बाटली भरायला मला बराच वेळ लागला.

मी काही ओढलं नव्हतं. मार्केट यार्डात एका कांद्याच्या गाळ्यावर मी कामाला होतो, पोत्यांवर मालकाच्या नावाचा मार्का मारायचो. त्या दिवशी टेम्पोबरोबर माल पोचवायला कात्रजला गेलो होतो. परतताना चहाच्या टपरीमागे उभा होतो. शेजारी एक गाडी होती, गाडीत तिशीचे दोघे. गांजाचा वास येत होता. पोलीस आले आणि त्यांनी तिघांनाही उचललं.

दवाखान्यात पोलीस त्या दोघांना 'आपण' म्हणत होते. त्यांना बाकावर बसवलं. दार लावू दिलं. एकाचे वडील वकील घेऊन आमच्या आधीच पोचले होते. मला नाव विचारलं. मी सांगितलं. हवालदार सोबतच्या शिपायाला म्हणाला, "झालं. मिळाला आपला माणूस." आमच्या चार पिढ्या पुण्यात गेल्या. नाव ऐकल्यावर त्या मोजत नाहीत.

तिन्ही बाटल्या खिडकीत ठेवल्या. एकसारख्या. चिठ्ठी नाही, सील नाही. पोलिसांचा चहा झाला. मग एका पिशवीतून बाटल्या चौकीत गेल्या. तिथे हवालदार नावं लिहून डकवू लागला. मी म्हणालो, "साहेब, नाव आधी टाकायचं असतं." माझं कामच ते. यार्डात मार्का मारल्याशिवाय पोतं जागचं हलत नाही. बिनमार्क्याचं पोतं कोणी शपथ घेऊन आपलं म्हटलं, तरी त्याचं धरत नाहीत.

"आता हमालाकडून शिकायचं का?" तो म्हणाला.

मी हमाल नव्हतो. हमाल असतो तरी बोलणं खरंच होतं.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. एका बाटलीत गांजाचा अंश. तिच्यावर माझं नाव. गाडीतल्या दोघांची नावं आरोपपत्रात नव्हती. गाळ्याच्या मालकाने, निकाल लागेपर्यंत येऊ नकोस, असा निरोप पाठवला.

कोर्टाने दिलेले वकील म्हणाले, कबूल करून टाका, किरकोळ दंड होईल, संध्याकाळी घरी जाल. सगळे तेच करतात. खरं होतं. त्या दिवशी कोर्टात माझ्या आधीच्या पाच जणांनी तेच केलं. अम्मीही म्हणत होती, विषय संपव.

न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

'हो' ओठांवर आलं होतं. बाटलीवर माझं नाव हवालदाराने लिहिलं होतं. आता त्यावर मी सही करणार होतो.

"नाही," मी म्हणालो. वकिलांनी कपाळाला हात लावला.

नंतर मात्र ते नीट लढले. हवालदार साक्षीला उभा राहिला तेव्हा त्यांनी तीनच प्रश्न विचारले.

"बाटल्या किती होत्या?"

"तीन."

"नावं कुठे लिहिली?"

"चौकीत."

"कोणती कोणाची, कसं ओळखलं?"

हवालदाराने सरकारी वकिलांकडे पाहिलं. "लक्षात होतं, साहेब."

टंकलेखकाने ते वाक्य टाइप केलं. कोर्टात कोणी हसलं नाही.

गांजा त्या दोघांपैकी कोणी ओढला, मला माहीत नाही. नुसत्या अंदाजाने नाव लावून मला अडकवलं, तसं मी कोणाला अडकवणार नाही.

निकाल अजून लागलेला नाही. वकील म्हणतात, सुटाल. संशयाचा फायदा देऊन सोडतील.

मी विचारलं, संशय कोणावर?

"तुमच्यावर. तो उरतोच. पण सुटका ती सुटका. सुटल्याविरुद्ध कोणी अपील करत नाही."

मी करणार आहे. मी गांजा ओढला नव्हता, एवढं एक वाक्य मला कोर्टाच्या कागदावर हवं आहे. ते मिळेपर्यंत मी सुटलो असं धरणार नाही.