मंगळवारची फवारणी

तिला सगळे तंद्रीबाई म्हणायचे, आणि त्यात कुणाचं काही चुकत नव्हतं. दुधावर लक्ष ठेवायला सांगावं, तर दूध उतू जायचं आणि ही फेसाचा डोंगर कसा फुगत जातो ते बघत उभी.

"अगं, बघतेस काय? बंद कर गॅस!" सासूबाई ओरडायच्या.

"तुम्हीच म्हणालात ना, बघ म्हणून." हे ती अगदी मनापासून म्हणायची. त्यामुळे सासूबाईंना धड रागावताही यायचं नाही.

नवरा फुलांचा ट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. घरात सासूबाई, पाच वर्षांची लेक आणि धाकटा दीर. दीर आणि ती एकाच गुलाबमळ्यावर कामाला जायची. टेकडीच्या उतारावर प्लास्टिकची बारा लांबलचक घरं होती. आत शिरलं की ऊन गाळून घेतल्यासारखं मऊ व्हायचं, बाहेरचे आवाज दूर जायचे. ती फुलं कापायची, दीर पाठीवर पंप घेऊन फवारणी करायचा. धुक्यातून त्याचा निळा डगला पुढे सरकताना तिला लांबून दिसायचा, आणि तो माणूस पाण्याखाली चालतोय असं तिला वाटायचं.

संध्याकाळी दीर घरी आला की ओले कपडे मोरीत टाकायचा. कुजक्या लसणासारखा वास यायचा त्यांना. ती ते लेकीच्या फ्रॉकांबरोबर एकाच बादलीत भिजवायची. कपडे ते कपडे, त्यात काय बघायचं?

मग लेकीच्या मानेवर, काखेत पुरळ उठलं. मलम झालं, दुसरं मलम झालं, पुरळ हटेना. एक दिवस पोरगी ओकायला लागली, तेव्हा तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासता तपासता सहज विचारल्यासारखं विचारलं, "घरात फवारणीचं काम करतं का कुणी? त्यांचे कपडे कुठे धुता?"

घरी येताना लेक कडेवर झोपली होती. रस्ता, दुकानं, माणसं सगळं कुणीतरी पातळ पडद्यामागे नेऊन ठेवल्यासारखं दिसत होतं, आणि पडद्याच्या अलीकडे फक्त ती बादली होती.

दुसऱ्या दिवशी ती फुलं कापायला गेलीच नाही. थेट मालकीणबाईंच्या खोलीत जाऊन उभी राहिली. मालकीणबाई नाकावर चष्मा ठेवून देठांची लांबी मोजत होत्या.

"फवारणीचे कपडे कुणाच्याच घरी जायला नकोत," ती म्हणाली. "इथेच धुवायची सोय करा. मी धुते."

"तू? तुझ्या तंद्रीत मळा वाहून जाईल."

"नाही जाणार. शिकवा, तसं करते."

पंपाची जुनी खोली रिकामी होती, ती तिला मिळाली. एक मशीन, एक सिमेंटची टाकी, कोपरापर्यंत येणारे रबरी हातमोजे. सांडपाणी ओढ्यात जाऊ नये म्हणून मागे दगडगोट्यांचा खड्डा खणला. कपडे गरम पाण्यात दोनदा धुवायचे, मग मशीन रिकामं फिरवायचं, मग डगले उन्हात तारेवर. फवारणीवाल्यांनी आंघोळ करूनच फाटकाबाहेर पडायचं. सुरुवातीला ते कुरकुरले. "आम्हाला काय लहान पोरं समजली काय?" दीर मात्र गुपचूप नळाखाली उभा राहिला. त्याचं डोकं रोज ठणकायचं आणि डोळ्यांपुढे धुकं यायचं, हे त्यानं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. वहिनीला मात्र ते कळलं होतं. कपात साखर ढवळताना त्याचा चमचा किणकिणायचा.

लेकीचं पुरळ महिन्याभरात गेलं.

आता तंद्रीबाईचं जग म्हणजे ती खोली आणि ती तार. आठवड्याला चौदा डगले यायचे. वारा आला की ते फुगायचे आणि बिनमुंडक्याची माणसं हवेत चालायला लागायची. त्यांच्याकडे बघता बघता तिच्या लक्षात आलं, की बुधवारी सकाळी ढीग नेहमी मोठा असतो, आणि जादाचे डगले आदल्या दिवशी तीन नंबरच्या घरात फवारणाऱ्यांचे असतात.

"भाऊजी, मंगळवारी तीन नंबरच्या घरात कसली कीड पडते हो एवढी?"

"काही नाही."

"मग फवारता कशाला?"

दिरानं जरा विचार केला. "मंगळवार असतो म्हणून."

तिला हसू आवरेना. किड्यांना वार कोण सांगत असेल? पण मग तो प्रश्न तिच्या डोक्यात जाऊन बसला तो बसलाच. सोमवारी दुपारच्या सुट्टीत ती तीन नंबरच्या घरात गेली आणि एका झाडाशी उकिडवी बसून पानं उलटी करून बघायला लागली. पानाच्या पाठीला शिरा होत्या, बारीक लव होती, एखादा धुळीचा कण. पुढच्या सोमवारी पुन्हा. कामावरच्या बाया म्हणाल्या, आता हिचं पार गेलं.

ती अशीच बसलेली असताना मळ्यावर सल्ला द्यायला येणाऱ्या बाई तिथं आल्या. सगळे त्यांना झाडांची डॉक्टरीण म्हणत. "काय शोधताय?"

"काही आहे का ते बघतेय."

"आहे का?"

"नाही. चाळीस झाडं झाली. तिकडे कोपऱ्यात, जिथून गरम वारा येतो ना, तिथल्या दोन पानांवर मात्र सुईनं टोचल्यासारखे ठिपके आहेत."

डॉक्टरीणबाईंनी गळ्यातलं भिंग काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते डोळ्याला लावलं आणि पानाची पाठ एकदम मैदानाएवढी झाली. लव म्हणजे उभं गवत. गवतात काचेचे गोल मणी, ती अंडी. त्यांच्यामधून पाठीवर दोन काळे डाग असलेले पिवळट जीव संथपणे हिंडत होते. "लाल कोळी. नावच लाल, असतात असे पिवळट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ती मात्र त्या मैदानात कधीच उतरली होती. जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली, ती तिला ऐकूच आली नाही.

डॉक्टरीणबाई मालकीणबाईंशी बराच वेळ बोलल्या. ठरलं ते असं: तीन नंबरच्या घरात वार बघून फवारणी बंद. तंद्रीबाईनं रोज ओळी फिरायच्या, कोळी दिसेल त्या झाडाला लाल फीत बांधायची, आणि तिथं बाटलीतून आणलेले मित्रकोळी सोडायचे. हे केशरी, चपळ कोळी त्या कोळ्यांनाच खाऊन जगतात. विषाची पाळी अगदी शेवटी, आणि तीही फितीपुरती.

"म्हणजे आता मळा तंद्रीवर चालणार!" मुकादम म्हणाला. वीस वर्षं त्यानं ही झाडं सांभाळली होती. त्याची भीती खोटी नव्हती.

तीनच आठवड्यांनी हवा तापली. फिती वाढत गेल्या, एका वाफ्यावर तर लालच लाल दिसायला लागलं. पानांवर कोळ्यांचं जाळं धरलं. मुकादमानं पंप भरायला सांगितले.

"आता फवारलं तर आपले सोडलेलेही मरतील," ती म्हणाली. "चार दिवस द्या."

"आणि झाडं गेली तर? तुझ्या भिंगातून उगवणार आहेत का?"

मालकीणबाई दोघांकडे बघत राहिल्या. "तीन दिवस," त्या म्हणाल्या. "एक तास जास्त नाही."

ते तीन दिवस तिला पुढे कधी नीट सांगता आले नाहीत. ती वाटांवर पाणी शिंपडायची, कारण गारवा मित्रकोळ्यांना मानवतो. मग पुन्हा पान. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी झाडं आणखी फिकट. दीर सुट्टी असूनही आला, पाण्याची नळी धरून मागे उभा राहिला. "वहिनी, जेवून तरी घ्या." तिनं ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी ऊन कलताना त्या उभ्या गवतातून एक केशरी थेंब सुसाट पळत गेला. त्याच्यामागे दुसरा. आणि मण्यांच्या जागी सुरकुतलेली रिकामी टरफलं.

"मुकादम," तिनं हाक मारली, "या, बघा."

तो गुडघे मोडत बसला, एक डोळा मिटला. मग म्हणाला, "पळतंय की हे!"

पण सगळं वाचलं नाही. दोन वाफे मुळापासून छाटावे लागले. पांढरे गुलाब होते ते, मळ्यातले सगळ्यात चांगले. मुकादम पुढचा हंगामभर तिच्याशी कामापुरतंच बोलला, आणि तिनंही ते सोसलं, कारण त्या झाडांचं तिलाही वाईट वाटत होतं.

वर्षभरात बाराही घरांत फितींची पद्धत आली. तारेवर आता दोन-तीनच डगले असायचे, कधी एकही नाही. दिराची डोकेदुखी गेली. हाताचा कंप कमी झाला, पण पुरता गेला नाही. कप तो दोन्ही हातांनी धरतो. पंप त्यानं कायमचा खाली ठेवला. आता ओळींमधून चालत तो बाटलीतला भुसा पानांवर भुरभुरवतो, त्या भुशात मित्रकोळी असतात.

"स्वतःचं काम स्वतःच खाल्लंस की गं," मालकीणबाई धुण्याच्या खोलीत डोकावून म्हणाल्या, आणि तिला कायमचं भिंगाचं काम दिलं. घरी सासूबाईंना हे समजावताना तिच्या नाकी नऊ आले.

"म्हणजे तू दिवसभर करतेस काय?"

"बघत असते."

"आणि त्याचा पगार देतात?" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मग शेजारणीला मोठ्या आवाजात तेच सांगायला गेल्या.

हळूहळू आसपासच्या मळ्यांतून तिला बोलावणी यायला लागली. नवऱ्याच्या ट्रकमध्ये शेजारी बसून ती जायची, खिडकीबाहेर बघत, अर्धी तिथं, अर्धी कुठं तरी. एका मळ्यात तिचं शिकवणं दोनच महिने टिकलं. गरमी आली तसे मालक घाबरले आणि पंप पुन्हा निघाले. दुसऱ्या मळ्यात मात्र पाच बाया तिच्याभोवती उकिडव्या बसल्या. त्यातल्या एकीनं विचारलं, "मावशी, एका पानाकडे किती वेळ बघायचं हो?"

"कंटाळा येईपर्यंत," ती म्हणाली. "मग आणखी थोडं."

बाया हसल्या. तीही हसली. मग त्यांच्यातली सगळ्यात दांडगी बाई मांडी घालून बसली, तिनं पदर खोचला आणि पहिलं पान उलटं केलं.