माझा जबडा आणि नवव्या मजल्यावरचे डॉक्टर

जगातल्या प्रत्येक दुखण्याचं मूळ माणसाच्या जबड्यात असतं, असं ठामपणे मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. आणि ईरा, निहार, तुम्हाला डब्लिनला हे लिहून पाठवायला तुमची आजी आज शिल्लक आहे ती त्याच माणसामुळे. आमच्या बुकित तिमाहच्या कॉन्डोत नवव्या मजल्यावर राहणारे हे दातांचे डॉक्टर. आम्ही पाचव्या मजल्यावर, म्हणून आमच्या घरात ते 'वरचे डॉक्टर'. मूळचे पुण्याचे, आता कितीतरी वर्षं सिंगापूरचे, आणि पाया लेबारला एका मॉलच्या वर त्यांचा दवाखाना. शिक्षण दातांचं, पण दात हा त्यांच्या लेखी नुसता दरवाजा. त्यातून आत शिरून त्यांना माणसाची मान, पाठ, कंबर, झोप, पचन आणि स्वभाव असं सगळं घर फिरून बघायचं असतं.

लोक भेटल्यावर एकमेकांच्या डोळ्यांकडे बघतात. वरचे डॉक्टर हनुवटीकडे बघतात. बारा वर्षांपूर्वी आम्ही इथे राहायला आलो, त्या दिवशी लिफ्टमध्ये त्यांनी तुमच्या आजोबांची हनुवटी पाचव्या मजल्यापर्यंत न्याहाळली आणि स्वतःचं नाव सांगायच्या आधी विचारलं, "डाव्या बाजूनं चावता ना? उजवा गुडघा दुखत असेल." आजोबा म्हणाले, "दुखतो, पण डावा." डॉक्टर जराही डगमगले नाहीत. "बरोबर आहे. उजव्याचा भार बिचारा डावा उचलतोय." या उत्तरावर आजोबा इतके खूश झाले की त्यांनी त्यांना तिथल्या तिथे चहाला बोलावलं, आणि चहाबरोबर मी दिलेला केक बघून डॉक्टर मनापासून दुःखी झाले.

मऊ पदार्थ हे त्यांच्या मते मानवजातीवरचं संकट आहे. माणूस चावायचा थांबला, म्हणून जबडे लहान झाले, म्हणून दात वेडेवाकडे आले, म्हणून श्वासाची वाट अरुंद झाली, म्हणून झोप बिघडली, आणि झोप बिघडली म्हणून ऑफिसात भांडणं होतात, अशी ती साखळी ते हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांसमोर उभ्या उभ्या सांगतात, समोरचा माणूस निमूटपणे तांदळाची पेज पीत असताना. मंडळाच्या गणपतीत सगळे देवाकडे बघतात तेव्हा हे जेवणाऱ्यांच्या गालांकडे बघत असतात. एकदा एका तरुण बँकवाल्याला त्यांनी ताटावरून उठूच दिलं नाही. "तुम्ही पोळी गिळलीत, मी पाहिलंय," म्हणाले. त्यांच्या खिशात सुक्या खोबऱ्याचे तुकडे असतात. लहान मुलांना ते चॉकलेटऐवजी खोबरं देतात, आणि कॉन्डोतली मुलं त्यांना पाहून जिन्याने पळतात.

स्वतः मात्र ते सांगतात तसंच वागतात, हे मान्य करायला हवं. तोंड मिटून नाकाने श्वास घ्यावा म्हणून ते रात्री ओठांवर चिकटपट्टी लावून झोपतात. त्यांच्या बायकोला आम्ही याबद्दल विचारलं, तर ती म्हणाली, "मी काही तक्रार करत नाही. दिवसभरात तेवढेच आठ तास मिळतात." ईरा, तुझा शाळेतला फोटो मी त्यांना कौतुकाने दाखवला, तेव्हा ते "गोड आहे" म्हणाले नाहीत. "हिला ओठ मिटायला शिकवा," म्हणाले. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. नंतर तुला सर्दीसाठी तिकडच्या डॉक्टरांकडे नेलं आणि नाकातली अडचण सापडली, तेव्हा तुझ्या आईने फोनवर मला सांगितलं. मी अर्थात वर काही कळू दिलं नाही.

त्यांचा दवाखानाही त्यांच्यासारखाच. भिंतीवर दातांची चित्रं नाहीत. कोपऱ्यात पुरा सांगाडा उभा आहे. पेशंट आला की आधी त्याने बूट काढायचे, पॅसेजमध्ये चालून दाखवायचं, मग दाढांमध्ये कापसाची गुंडाळी धरून मान दोन्हीकडे वळवायची. खुर्ची त्यानंतर. त्यांची मदतनीस एक चिनी बाई आहे, त्यांच्याइतकीच जुनी. ती दारातून, इथल्या ढंगात शेवटी 'लाह' लावून ओरडते, "डॉक्टर, हा फक्त क्लीनिंगला आलाय, लाह." ते शांतपणे विचारतात, "शरीर बरोबर आणलंय ना त्यानं?" पुष्कळ लोक चिडतात. पण डोकेदुखीला कंटाळलेले, सकाळी दुखऱ्या गालांनी उठणारे, झोपेत दात खाणारे असे काही लोक रात्री दातांवर बसवायची प्लेट घेऊन जातात आणि महिन्याभराने हसत परत येतात. तेही मी पाहिलं आहे.

माझ्या जबड्यावर त्यांचा पहिल्यापासून डोळा होता. तो दोन मिलिमीटर डावीकडे आहे, हे त्यांनी मला, तुमच्या आजोबांना आणि एका हळदीकुंकवाला माझ्या सगळ्या मैत्रिणींना सांगितलं होतं. मी शिस्तीची बाई. दर सहा महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे दात तपासून घ्यायची आणि यांना ताकास तूर लागू देत नसे.

मग गेल्या वर्षी भाजीच्या पिशव्या घेऊन एमआरटी स्टेशनपासून आमचा चढ चढताना माझा डावीकडचा खालचा जबडा दुखायला लागला. थांबलं की दुखणं थांबायचं. असं तीन-चारदा झालं. मी सत्तर वर्षांची, चांगली शिकलेली बाई, पण अकरा वर्षं एकच गोष्ट कानांवर पडल्यावर दुसरं काही सुचत नाही. जबडा दुखतोय म्हणजे जबडाच बिघडला असणार. लिफ्टमध्ये मी त्यांना तसं सांगितलं. त्यांचा चेहरा असा उजळला, की मला माझाच राग आला. "वहिनी, मी अकरा वर्षं वाट बघतोय," ते म्हणाले. "या एकदा. प्लेट करून देतो."

मी दोन महिने गेले नाही. घरी पाहुणे होते हे एक कारण. दुसरं खरं कारण म्हणजे त्यांना तो आनंद द्यायची माझी तयारी नव्हती.

शेवटी एका सकाळी पाया लेबारला उतरले. एस्कलेटरवर गर्दी होती म्हणून जिना चढले, आणि वर पोचेपर्यंत जबडा ठणकायला लागला. या वेळी थांबूनही थांबला नाही. दवाखान्यात गेले तर मदतनीस बाईने मला बूट काढायला सांगितले, मी वाकले, आणि मला दरदरून घाम सुटला.

वरचे डॉक्टर बाहेर आले. ते माझ्या हनुवटीकडे बघत नव्हते. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, जबडा दोन्हीकडून दाबून पाहिला, तोंड उघडायला, मिटायला लावलं, दाढेखाली कापूस धरून चावायला लावलं. त्याने दुखणं वाढलंही नाही, कमीही झालं नाही.

"वहिनी, हे केव्हा दुखतं? जेवताना?"

"नाही. चढताना."

"आणि थांबल्यावर?"

"थांबतं. आज थांबलं नाही."

त्यांनी माझ्या जबड्यावरचे हात काढून घेतले. मग म्हणाले, "हा जबडा नाही."

मला वेदनेपेक्षा ते ऐकून धक्का बसला. "अकरा वर्षं तुम्ही सांगताय डॉक्टर, आणि आज मी आपणहून आले तर म्हणता जबडा नाही?"

"जबडा चांगला आहे तुमचा," ते म्हणाले. "हृदय बघायला हवं. आत्ता." त्यांनी बाईला ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितलं, मला ॲस्पिरिन चालतं ना हे विचारून घेतलं, एक गोळी हातावर ठेवली आणि म्हणाले, "चावून खा." तेवढ्यातही माझ्या मनात आलं, की चावा म्हणाल्यावर मी हुज्जत न घालता चावलं ते हे पहिल्यांदाच. ॲम्ब्युलन्समध्ये ते ॲप्रन घालूनच चढले. तिथल्या मुलीने विचारलं, "अंकल, तुम्ही यांचे कोण?" ते म्हणाले, "डेंटिस्ट." तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

माझ्या हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. त्याच दिवशी स्टेंट घातला. मी आणखी घरी थांबले असते तर काय झालं असतं, हे तिथल्या डॉक्टरांनी तुमच्या आजोबांना बाहेर नेऊन सांगितलं. आजोबांनी मला ते अजून सांगितलेलं नाही.

चौथ्या दिवशी वरचे डॉक्टर बायकोबरोबर भेटायला आले. बराच वेळ ती बोलली, ते खुर्चीच्या कडेवर बसून राहिले. मग म्हणाले, "वहिनी, लिफ्टमध्ये तुम्ही सांगितलंत तेव्हाच मी विचारायला हवं होतं, केव्हा दुखतं म्हणून. मी विचारलंच नाही. जबडा म्हटल्यावर मला उत्तर आधीच माहीत होतं."

"पण नंतर विचारलंत ना."

"दोन महिने उशिरा."

"ते दोन महिने माझे, डॉक्टर. मीच आले नाही. विचारलंत तुम्ही, आणि स्वतःचं सगळं म्हणणं बाजूला ठेवून उत्तर ऐकलंत."

त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नाही.

तेव्हापासून ते बदलले आहेत. पंधराव्या मजल्यावर नव्याने आलेल्या मुलीने पाठ दुखते म्हणून सांगितलं, तर म्हणाले, "फिजिशियनला दाखवा." कोणताही डॉक्टर म्हणेल तसं. तुमचे आजोबा मुद्दाम मान वाकडी धरून त्यांच्यासमोर उभे राहिले. त्यांनी मानेचा एक्स-रे काढायला सांगितला. आजोबा घरी येऊन म्हणाले, "हा माणूस आजारी दिसतोय." मी रोज पंचेचाळीस मिनिटं चालते, गोळ्या वेळेवर घेते, आणि माझ्या वाट्याला आलेला प्रत्येक दिवस त्यांनी दिलेला आहे हे मला माहीत आहे. पण मला वाचवताना त्यांच्या हातून काहीतरी निसटलं, आणि ते परत कसं द्यायचं हे मला कळत नाही.

म्हणून तुम्हा दोघांना एक काम सांगते. डिसेंबरमध्ये याल तेव्हा वर जा आणि त्यांना विचारा, "डॉक्टर, आमचे जबडे कसे आहेत?" ते म्हणतील, तुमच्या तिकडच्या डॉक्टरांना दाखवा. तेवढ्यावर उठू नका. पुन्हा विचारा.