भिंगरीची चूक नव्हती

अन्याय झाला तो माझ्या वडिलांवर, अण्णांवर. कधी, तेही सांगते: दोन वर्षांपूर्वी, बुद्ध पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, दिवस उगवायच्या आत. नांदेडात आमच्या वस्तीखालच्या घाटावर नाल्याचं काळं पाणी धो धो गंगेत शिरलं. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. उजाडलं तेव्हा काठाला मेलेल्या माशांचा थर होता आणि नाक धरून फोटो काढणाऱ्यांची गर्दी. फोटो फिरले, संपले. नाला आजही वाहतोय.

अण्णा बसच्या वर्कशॉपात पत्रा ठोकायचे. रिटायर झाल्यावर त्यांना एकच नाद उरला, गळाचा. आणि गळाची भिंगरी ते घरीच करायचे. दुकानातली स्पिनर त्यांना कचकड्याची वाटायची. स्टीलच्या चमच्याचा दांडा कापायचा, राहिलेली वाटी ठोकून पानासारखी करायची, कानशीनं घासायची, टोकाला भोक पाडायचं. क्लचच्या केबलमधली एक तार, तिच्यात माझ्या तुटलेल्या माळेचे मणी, वजनाला शिशाचा तुकडा, खाली तीन तोंडांचा गळ, त्यावर लाल लोकर. मग धुण्याच्या टबात ओढून बघायचं. पत्ती तारेभोवती गरगरली आणि चमकली की पास. पाण्यात ती पळणाऱ्या बारक्या माशासारखी दिसते आणि मरळ तिच्यावर तुटून पडते.

"वरण वाढायला घरात चमचा न्हाई," आई ओरडायची, "अन् ह्यांच्या मरळी चमच्यानं जेवायल्यात!"

"त्या तुझ्यासारख्या हातानं न्हाई खात," अण्णा म्हणायचे. रविवारी आणलेली मरळ मात्र आईच साफ करायची, आणि डोकं स्वतःला ठेवून घ्यायची.

मासे मेले तेव्हा अण्णा हादरले नाहीत. "पूर येऊ दे. वरून नवे येतेत." पूर आला. नवे आलेही असतील. पूर ओसरला, नाला होता तिथंच होता, पाणी पुन्हा काळं झालं. आणि मग ज्याची मला आजही चीड येते ते सुरू झालं. अण्णा स्वतःला दोष देऊ लागले.

"पत्ती जाड झाली." "वाकण चुकलं." "हात राहिला न्हाई आता माझा." चमच्यामागून चमचे कापले, चिंचेनं घासून आरशासारखे केले. घाटावरचा चहावाला विचारायचा, "काय अण्णा, आज गंगेला कोणत्या चमच्यानं चारायलाव?" अण्णाही हसायचे आणि रिकाम्या हातानं घरी यायचे.

"अहो अण्णा, पाण्यात हात घातला तर बोटं दिसत नाहीत," मी म्हणायचे. "मरळीला तुमची पत्ती कशी दिसणार?"

"मरळ आंधळी न्हाई, माय. माझी पत्तीच आंधळी हाय."

तोवर मी निवेदनं देत होते, महापालिकेत साहेबांच्या टेबलापुढं उभी राहून भांडत होते. लाल अक्षरात "नाला बंद करा" अशी पत्रकं वाटली, त्यात लोकांनी भजी गुंडाळली. साहेब म्हणाले, "ताई, घाण काय आम्ही एकट्यानं केली का?" तेवढं एकच ते खरं बोलले.

एक दिवस अण्णांनी कपाटातून माझे लहानपणचे पैंजण काढले, त्यातलं एक घुंगरू तोडलं आणि भिंगरीला लावलं. "दिसत नसंल तर ऐकू तरी येईल." टबात ओढली. पाण्यातून बारीक छुनछुन आली. मी उठून बाहेर गेले.

त्याच आठवड्यात मला अक्काकडं जायचं होतं. माझ्या या मोठ्या बहिणीचं सासर लातूर जिल्ह्यात, चाकूरच्या अलीकडं. अण्णांनी आंधळी म्हणून डब्यात टाकलेली एक भिंगरी मी पिशवीत घातली. गावाबाहेर छोटा पाझर तलाव आहे. ज्या लातूरला पाण्यावरून सगळे टोमणे मारतात, तिथं गुडघाभर पाण्यात मला माझ्या पायाची नखं दिसत होती. भाऊजी काठावर बसून चिडवत राहिले, "मेव्हणीबाई, माशांना पत्रकं वाटायलाव का?" मी भिंगरी दोरीला बांधून दोन-चारदा फेकली आणि दोरीला असा हिसका बसला की बोट कापलं. हातभर मरळ.

नांदेडला आल्याआल्या मरळीचा फोटो उघडून मोबाइल अण्णांच्या हातात दिला. जिंकल्यासारखी बोलत होते मी. "बघा! तुम्ही फेकलेलीच पत्ती. दोष पाण्यात आहे, तुमच्यात नाही."

अण्णांनी फोटो मोठा केला. मरळीकडं बघितलंच नाही, तिच्या तोंडातली पत्ती बघत राहिले.

"वाकण बरोबर हाय," ते म्हणाले.

"तेच सांगतेय ना!"

"मंग आता काय करू?"

पत्ती चुकलेली होती तोवर ती पुन्हा घासता येत होती. नाल्याला कानस लागत नाही.

त्यांनी कानस पुसली, पक्कड पुसली आणि उरलेले दोन चमचे आईपुढं धरले. आईनं घेतले नाहीत. "असू द्या की," ती म्हणाली, "लागतील." चमच्यांसाठी जन्मभर भांडलेली बाई. ते ओट्यावर तसेच पडून आहेत. अण्णा त्यानंतर घाटावर गेले नाहीत. रविवारी दारात बसतात. कुणी विचारलं तर सांगतात, "आता जमत न्हाई मला." अजूनही दोष स्वतःवरच.

म्हणून हे साहेबांना लिहीत नाही, तुम्हाला लिहितेय. तुमच्या मोरीचं पाणी कुठं जातं, बघितलंय कधी? येत्या रविवारी घराबाहेर पडा. गटाराच्या कडेकडेनं चालत जा, ते गंगेत पडतं तिथपर्यंत. मग आमच्या दारात या आणि अण्णांच्या तोंडावर म्हणा, तुमची भिंगरी बरोबर होती, चूक आमची. ते विचारतील, "मंग आता काय करू?"

उत्तर घेऊन या.