हाक्यातली गप्प जागा

इस्लापूरच्या रानालगतच्या त्या गावात हाका म्हटला की रामकिशनचं नाव निघायचंच. हाका म्हणजे नुसती बोंबाबोंब नव्हे. शिकाऱ्यांचा जुना शब्द आहे. तीन बाजूंनी ओरडत जनावर रेटायचं आणि चौथी बाजू गप्प ठेवायची, कारण जनावर गप्प बाजूलाच धावतं. पूर्वी तिथं बंदूकवाला दबा धरून बसे. आता शिकार बंद, पण मक्यात शिरलेली रानडुकरं जंगलात परतवायला गाव अजून हाका घालतं. पिकात माणूस माणसाला दिसत नाही, म्हणून शेजाऱ्यानं हाक मारली की ओ द्यायची. ओ आली नाही, तर गडी पडला समजून धावायचं.

अशा खणखणीत आवाजाचा रामकिशन, आणि तंबाखूनं नेमका त्याचा गळाच खाल्ला. नांदेडला ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण श्वासापुरतं गळ्याला भोक राहिलं नि आवाज कायमचा गेला. नशिबानं इतकंही खोडसाळ असू नये.

यंदा सगळ्यांनी त्याला घरी बसायला सांगितलं. तो ऐकतोय कसला! रांगेतली जागा गेली की आपण गावातून उठलो, असंच त्यानं मनाला लावून घेतलं होतं. शेवटी धाकटा भाऊ भागवत म्हणाला, "येऊ द्या दादाला. माझ्या बाजूला ऱ्हाईल. ओ म्हनून डबा वाजवंल."

पण डबे बडवणं बायापोरांचं काम. बायकोनं, शिवकन्येनं, काकुळतीला येऊन हातात दिलेला डबा त्यानं गुपचूप बांधावर ठेवून दिला.

दिवस कलता हाका सुरू झाला. रामकिशनची जागा मुकी, म्हणून कळप तिकडंच वळला. तो झटकन मोहाच्या झाडाआड झाला. डुकरं बाजूनं निघून गेली, त्याला ओरखडाही आला नाही.

"दादा!" मक्यातून भागवतची हाक आली. "दादा, डबा वाजव की रं!"

रामकिशननं जीव खाऊन तोंड उघडलं. गळ्याच्या भोकातून नुसती हवा सुटली. टाळी वाजवावी, हेही त्या मेल्याला सुचलं नाही. मका तुडवत भागवत धावला, तो मागं राहिलेल्या सुळेवाल्या डुकराच्या पुढ्यातच आला.

भागवतची मांडी पार फाटली होती. हिमायतनगरच्या रस्त्याला जीपमध्ये, भावाच्या मांडीवर डोकं टेकून भागवतनं डोळे मिटले आणि विचारलं, "तुला लागलं न्हाई नं, दादा?"

रामकिशन जोरजोरात नकाराची मान हलवत राहिला. भागवतनं पुन्हा डोळे उघडलेच नाहीत.