अण्णाचं चुकलेलं उत्तर

तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी साडेनऊला आम्ही दोघं भाऊ वडगावातून बेळगावातल्या एका हॉस्पिटलला निघालो. अण्णाला स्किझोफ्रेनियाच्या नव्या गोळीच्या ट्रायलमध्ये घ्यायचं की नाही, ते त्या दिवशी ठरणार होतं. (त्याला विचारूनच लिहितोय. "लिही, पण माझं नाव घालू नको," एवढीच त्याची अट.)

अण्णा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. एके काळी आमच्या विणकर गल्लीत त्याच्यासारखा साडीचा काठ कुणाच्या मागावर उतरत नव्हता. आजार आला, गोळ्या आल्या, कानातले आवाज कमी झाले... पण हात थरथरायला लागले. तुटलेला धागा सांधता येईना, मग मागच सुटला.

नव्या गोळीनं हाताची थरथर कमी राहील अशी आशा आहे. आशा म्हणतोय, खात्री नाही. ट्रायलमध्ये कुणाला नवी गोळी मिळते, कुणाला जुनी, आणि कुणाला कुठली ते डॉक्टरांनाही माहीत नसतं.

माझी शाळा सातवीत सुटली. मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही मी रद्दीतले पेपर वाचून वाचून पक्की केली... त्यामुळे संमतीचा बावीस पानी फॉर्म मी तीनदा वाचला. मराठी भाषांतरात दोन चुका निघाल्या, त्या पेन्सिलीनं खुणा करून मॅडमना दाखवल्या. आणि आठवडाभर रोज चहाच्या वेळी अण्णाकडून मॅडम विचारणार ती सगळी प्रश्नोत्तरं घोकून घेतली.

मॅडम म्हणजे ट्रायलच्या डॉक्टर, वयानं आमच्या लेकीएवढ्या. संमती घेताना व्हिडिओ रेकॉर्डिंग करावं लागतं. कॅमेरा सुरू झाला, अण्णानं पहिली चार उत्तरं अचूक दिली. माझी तर छातीच फुगली...

मग त्यांनी विचारलं, "अण्णा, तुम्हाला ही ट्रायल मधेच सोडता येते का?"

"न्हाय."

मी खुर्चीतून अर्धा उठलो. "अरं, व्हय म्हण की! काल बरोबर सांगितलंतंस..."

"तुम्ही जरा सुम्म, गप्प बसा हो," मॅडम म्हणाल्या आणि कॅमेरा बंद केला. पढवलेलं चालणार नाही, म्हणाल्या. "सोडता येत नाही असं ज्याला वाटतं त्याला मी घेऊ शकत नाही. जेवून या, दुपारी पुन्हा एकदा विचारते... तेव्हाही हेच उत्तर आलं तर राहू दे."

खरं सांगतो, राग आला. मॅडमचा आणि अण्णाचा, दोघांचाही. कॅन्टीनमध्ये इडलीची प्लेट पुढं सरकवत मी म्हणालो, "घोकलंतं ते कुठं गेलं?"

"मागावर ताणा चढवल्यावर साडी मधीच कापत्यात व्हय रं?" अण्णा शांतपणे म्हणाला. "आपल्या घरात डोकं ठिकाणावर असताना कुणी कापलीया?"

आमच्या घरचा तो नियमच होता. सुरू केलेली साडी पुरी झाल्याशिवाय मागावरून उतरवायची नाही. घरात पाहुणे येवोत, अंगात ताप येवो... आप्पा, म्हणजे आमचे वडील, त्यात फार कडक. अर्धी कापली तर मागाला दोष लागतो म्हणायचे.

आणि ते सगळं घर डोळ्यांपुढं उभं राहिलं... खड्ड्यातला माग, खळीचा आंबूस वास, दारात सुताच्या कांड्या भरत बसलेली आई. गल्लीत प्रत्येक घरातून धोट्याची खटखट यायची, पण अण्णाच्या मागाचा ठेका मला कोपऱ्यावरनंच ओळखू यायचा.

"कापलीया," मी म्हणालो. "तुझी. आप्पांनी."

तेव्हा अण्णा एकोणीस वर्षांचा. मागावर हिरव्या काठाची डाळिंबी नऊवारी, सहा वार विणून झालेली. त्याला आवाज ऐकू येत होते, अंग तापलेलं, पण साडी पुरी झाल्याशिवाय उठणार नाही म्हणून तो दोन दिवस मागावरच बसून होता... नियम घरचाच, बोलणार कोण? शेवटी आप्पांनी कात्री घेतली. त्याच दिवशी चिकोडीवरून एसटीनं त्याला मिरजेला डॉक्टरकडं नेलं. पुढं घरात तो विषय कुणी काढला नाही.

अण्णाच्या हातातला घास तसाच राहिला. "मला वाटलंतं मीच कापली... डोकं फिरलंतं तवा."

"न्हाय रं. आप्पांनी. मी तिथंच हुतो."

"आप्पा काय म्हणालं?"

"म्हणालं, साडी परत विणता येती. पोरगं उठू दे."

त्यानं घास परत प्लेटमध्ये ठेवला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तीन-तीन भाषा येत्यात तुला... आन् एवढं एक सांगाय आलं न्हाय व्हय रं इतकी वर्षं?"

मला वाटायचं, त्याला ठाऊकच असेल...

दुपारी मॅडमनी मला बाहेरच बसवलं. काचेतून दिसत होतं. अण्णा बोलत होता, हातवारे करत होता, एकदा तर हसलाही. सही करायला त्याला खूप वेळ लागला, पण कुणी घाई केली नाही.

मॅडम बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या, "घेतलं त्यांना. मधेच सोडता येतं हे आता पूर्ण समजलंय." मी अण्णाला विचारलं, काय सांगितलंस? तर म्हणतो, "तुला कशाला? फॉर्म माझा हाय."

रक्त, ईसीजी सगळं झालं आणि गेल्या सोमवारपासून गोळ्या सुरू झाल्या. नवी की जुनी, माहीत नाही. हाताची थरथर अजून तेवढीच आहे. रोज गोळी घेतल्यावर डायरीत नोंद करायची असते, ती तो स्वतः करतो. त्या डायरीला मी हात लावत नाही.

काल त्यानं डायरीत तारीख चुकीची लिहिली. मला लांबूनच दिसली, शब्द अगदी जिभेच्या टोकापर्यंत आले... पण मॅडमचं 'सुम्म बसा' आठवून गप्प बसलो. त्यांचे आभार मानायचे राहिलेत, ते इथंच मानतो.

दहा मिनिटांनी अण्णानं परत डायरी उघडली. चुकीच्या तारखेवर एकच रेघ मारली, शेजारी बरोबर तारीख लिहिली आणि बाजूला छोटी सही केली... चूक कशी दुरुस्त करायची ते फॉर्मच्या सतराव्या पानावर लिहिलंय, अगदी तशी.