तिकिटाच्या खिडकीवर चांदी

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे खाटेची दोरी ताणणं. ती एकीकडून ओढत होती, मी दुसरीकडून. "जोर लावा न, जेवले नाही काय?" म्हणाली, अन् तशीच पोट धरून खाली बसली.

तिगावच्या वैद्यानं पोटाला हात लावला अन् म्हणाला, दुपारच्या गाडीनं नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्या, उद्यावर टाकू नका. घरात नोट एकही नव्हती. होतं ते तिच्या गळ्यात. राजाच्या छापाचे चांदीचे रुपये, कडी लावून माळेत ओवलेले. संत्र्याचा पैसा आला की माळेत एखादा रुपया वाढायचा. तीच आमची पेटी.

स्टेशनवर मी माळ तोडली, रुपये खिडकीत ठेवले. बाबूनं बोटानं मागं सरकवले.

"ये सिक्का कब का बंद हो गया, दादा. नोट लाओ."

"चांदी आहे, बाबू. तुह्या नोटीपेक्षा जास्तच भरन."

"भरेगी. पर मेरा साहब मुझसे नहीं लेगा न."

बाकावरून ती म्हणाली, "गळ्यात होता तवा रुपया होता. इथं आला त खापर झाला काय?" एवढ्या दुखण्यातही जीभ चालूच.

सिग्नल पडला होता. मी चहावाल्याकडे पळालो. तो म्हणाला, "मी घेतो जी, पण माह्याकडून कोण घेईन?" किराणावालाही तेच बोलला. सोनार पांढुर्ण्याला, अन् गाडी डोक्यावर. पैशाचं मला त्या दिवशी समजलं ते एवढंच. माल कितीही खरा असो, पुढचा घेईल असा भरवसा असला तरच माणूस हातातला घेतो.

फलाटावर एक म्हातारी संत्रे विकून राहिली होती. तिनं एक रुपया उलटापालटा केला.

"नातीचं लगन हाय. कडी लावलेलीच हाय, मजुरी वाचली." चार रुपये ठेवून घेतले अन् कमरेच्या पिशवीतून मळकट नोटा देल्या. मी मोजल्या नाहीत. तिकिटं हातात पडली तेव्हा गाडी हलायला लागली होती. बायकोला उचलून डब्यात ढकललं.

नागपूरला डॉक्टर म्हणाले, आत फुटलंय. संध्याकाळीच गेली. लोक म्हणतात, गाडी तरी भेटली, नशीब. कसलं नशीब?

दुसऱ्या दिवशी सकाळी मसणघाटाजवळच्या लाकूडवाल्यापाशी गेलो. उरलेले रुपये त्याच्यापुढे ठेवले. त्यानं एक वाजवून पाहिला. कोणता राजा, कसली कडी, काही विचारलं नाही. "किती मण?" म्हणाला. मी सांगितलं, अन् लाकडं बैलबंडीत भरायला लागलो.