सातबाऱ्यावर नाव नसलेलं घर

अन्याय बाईंवर झाला. वडिलांच्या तेराव्या दिवशी, दुपारी, शेवटची पंगत उठली होती आणि पत्रावळ्या अजून उचलायच्या होत्या, तेव्हा झाला. तलाठी जेवायला आलेलाच होता. पानसुपारी झाली, चुलत्यांनी कागद पुढं सरकवला आणि बाईंनी सही केली. वडिलांच्या जमिनीतला हिस्सा मला नको, भावाचं एकट्याचं नाव लागावं, माझी हरकत नाही. त्या कागदात 'स्वखुशीने' असा शब्द आहे. पुढं मी तो माझ्या डोळ्यांनी वाचला. बापाला जाऊन तेरा दिवस झालेल्या बाईची खुशी सरकारदरबारी नोंदवून घेतात, हे मला तेव्हा कळलं.

ही सहीची गोष्ट साठच्या दशकातली. मी तेव्हा बिगरीत असेन. बाईंची नि माझी गाठ पडली ती आणीबाणी उठल्यानंतर. आम्ही चार-पाच पोरं कोल्हापुरात पत्रकं छापून वाटत होतो. घर हा प्रत्येकाचा हक्क आहे, खाली मागण्या, खाली 'झालाच पाहिजे'. बिंदू चौकात एक बाई थांबल्या. सुती नऊवारी, खांद्याला शबनम, पायात पुरुषी चपला. पत्रक घेऊन पुढं जाण्याऐवजी त्यांनी ते उभ्यानं शेवटपर्यंत वाचलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"मागण्या चौदा हायत. घर एकबी न्हाई," त्या म्हणाल्या. "तू राहतोस कुठं?"

"मामाकडं."

"मग रविवारी माझ्यासंगं चल. जागा बघायला जायचंय."

बाई प्राथमिक शिक्षिका. सगळी नोकरी राधानगरीकडच्या वाड्या-वस्त्यांवर गेलेली. लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलंच तर "वर्ग मोठा होता" म्हणायच्या. निवृत्तीला दोन-एक वर्षं राहिली होती आणि शहरातल्या भाड्याच्या खोलीचा मालक खोली सोडा म्हणून मागं लागला होता. त्यांना स्वतःचं घर हवं होतं. तेही कसलं, तर विजेची तार नको, नळ नको असलं. मातीच्या भिंती, कौलं, पावसाचं पाणी साठवायला हौद, दोन म्हशी आणि त्यांच्या शेणावर गोबरगॅस. मला वाटलं, ही कसली हौस? मी तसं बोललोही.

"हौस न्हवं रे पुढाऱ्या. खांबाची वाट बघत माझ्या तीन वाड्या म्हाताऱ्या झाल्या. मी काय आता वाट बघत न्हाय."

त्यांनी मला पुढारी हे नाव ठेवलं ते कायमचंच.

वर्षभर आमचे रविवार एसटीत गेले. राधानगरीची गाडी, मग चालत. जागा कशी बघायची याचं माझं एक शास्त्र होतं. डांबरी किती लांब, भाव काय, सातबारा कुणाच्या नावावर. ते मी वहीत लिहायचो आणि माझं काम झालं म्हणून चहाचं हॉटेल शोधायचो. बाईंचं काम तिथून सुरू व्हायचं. त्या जमिनीच्या मालकाला काही विचारायच्याच नाहीत. गावातल्या बायकांना विचारायच्या, "वैशाखात घागर कुठं भरताय?" जुन्या घरांच्या भिंती बघायच्या, ओल कुठवर चढली आहे त्याची खूण बोटानं मोजायच्या. मग रानात जाऊन हातभर खड्डा काढायच्या, त्यात तांब्याभर पाणी ओतायच्या आणि पाणी जिरेपर्यंत शेजारी बसून पोरांच्या वह्या तपासायच्या. सात वह्या होईपर्यंत पाणी हललं नाही तर जागा बाद. घड्याळ होतं त्यांच्याकडं, पण वह्यांवर भरवसा जास्त.

शबनममध्ये लोणच्याची एक काचेची बरणी असायची. तिच्यात मूठभर माती, वर पाणी, आणि जोरात हलवून ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी मातीचे थर बसायचे. तळाला वाळू, मधे पोयटा, वर चिकण. वाळू कमी पडली तर भिंत फाटते, चिकण कमी पडली तर भिंत ढासळते. हे त्यांना कुठल्या इंजिनिअरनं शिकवलं नव्हतं. शाळेच्या तीन इमारती पावसात बसताना बघितल्या होत्या, त्यातून शिकल्या होत्या. एसटीत ती बरणी मांडीवर घेऊन बसायच्या. एकदा कंडक्टरनं विचारलं, "बाई, लोणचं नासलंय व्हय?"

"न्हाई. मुरतंय," बाई म्हणाल्या.

आषाढात मी सुट्टी मागितली. त्या भागातला पाऊस ज्यानं बघितलाय त्याला कारण सांगायला नको. बाई म्हणाल्या, "जागा उन्हात कुणालाबी आवडती. ती पावसात बघायची." एक जागा आम्हाला उन्हाळ्यात पसंत पडली होती. माळ होता, तांबडी माती, खाली जांभ्याच्या दगडातून झरा, तो वैशाखाच्या शेवटापर्यंत टिकलेला. मालक म्हातारा होता, द्यायला तयार होता. त्या माळावर बाई डोक्यावर इरलं घेऊन, म्हणजे रोपलावणीला बायका घेतात ते पानांचं टोपडं घेऊन, सकाळपासून दुपारपर्यंत बसून राहिल्या. पाणी कुठून येतं, कुठं वळतं, कुठं साचतं, हे बघत. मी छत्री धरून उभा. छत्री दोनदा उलटी झाली. म्हातारा घराच्या पडवीतून ओरडला, "पावणं, बाईंचं काय हरवलंय काय?" मी म्हणालो, "घर शोधत्यात." तो म्हणाला, "मग आत या की. घर हिकडं हाय."

सांगायचं ते हे, की एवढ्या कष्टानं जागा निवडणारा माणूस मी त्याआधी बघितला नव्हता आणि नंतरही नाही. आमच्या सभांतून लोक 'जमीन, जमीन' म्हणून घसा बसवतात. बाईंना कुठल्या जमिनीत बोट किती आत जातं हे माहीत होतं.

खरेदीच्या वेळी तलाठ्यानं विचारलं, "शेतकरी दाखला?"

आपल्याकडं शेतजमीन घ्यायची तर घेणारा आधी शेतकरी असावा लागतो. बाई हसल्या. "जन्मापासनं शेतकरी हाय मी."

"तसं न्हवं. कुठल्या सातबाऱ्यावर नाव हाय?"

त्या हसायच्या थांबल्या. नाव वडिलांच्या मागं लागायचं होतं. ते त्या दुपारच्या सहीनं लागलंच नाही. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेली, भातलावणीत वाकलेली, मातीचे थर ओळखणारी बाई कागदावर शेतकरी नव्हती. ज्यानं आयुष्यात विळा धरला नाही असा शहरातला कुणी बापाच्या सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून शेतकरी. म्हाताऱ्यानं हात जोडले. तो माळ दुसऱ्यानं घेतला.

येताना एसटीत मी विचारलं, "बाई, वर्षभर आपण एवढी गावं पालथी घातली. तुमच्या स्वतःच्या गावात एकदाही गेलो नाही."

"म्हायारात कोण जागा बघतं काय?" त्या म्हणाल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "चुकलंच."

ही चूक आपल्याकडंच होते, लग्न न केलेल्या बाईलाही बापाचं घर माहेरच वाटतं. बहिणीनं सही करायची, बदल्यात माहेरचा उंबरा उघडा राहतो, पंचमीला गाडी येते, दिवाळीला साडी-चोळी येते. न केली तर उंबरा बंद. असं कुणी बोलून दाखवत नाही. सगळ्यांना माहीत असतं. म्हणून शिकलेली बाईही सही करते, आणि मग आपल्याच बापाच्या रानाकडं पाहुणीसारखं बघते.

मी रात्रीत पत्रक लिहिलं. 'बहिणीचा घास गिळणारे भाऊ', ठळक टायपात. त्यांच्या गावच्या जत्रेत वाटायचं ठरवलं. बाईंनी वाचलं आणि घडी घालून शबनममध्ये टाकलं. "सही माझी हाय. कुणी हात धरला नव्हता," त्या म्हणाल्या. "आणि तो गिळणारा न्हाय, तो भाऊ हाय माझा. कडेवर घेतलाय मी त्याला. बोलायचं तर त्याच्या तोंडावर बोलू." मला राग आला. आजही पूर्ण गेलेला नाही. पण गेलो त्यांच्यासोबत.

एका ओळखीच्या वकिलानं सांगितलं होतं, की जमिनीचा हक्क नुसत्या जबाबावर सुटत नाही, त्याची रीतसर नोंदणी लागते. म्हणजे ती नोंद कच्ची होती. भावानं तलाठ्यापुढं कबूल केलं, की बहिणीचं नाव लावा, तर प्रश्न मिटत होता. त्या वेळी बाईंची सही लागली होती. आता त्याची लागत होती.

भाऊ भला माणूस. सोप्यात घोंगडं टाकलं, चहा झाला. बाईंनी सरळ सांगितलं. "वरच्या अंगाचं टेकाड हाय बघ, ऊस न्हाय, भात न्हाय. तेवढं मला दे. आणि सातबाऱ्याला नाव लाव."

"अक्का, घर तुझंच हाय की. नावाचं काय घेऊन बसलीस?"

"माझंच हाय तर मग लाव की."

"आज तू म्हणतीस. उद्या धाकटी बहीण म्हणंल."

"म्हणू दे. तीबी त्याच बापाची हाय."

आतून भावजय हसली. भाऊ नाही हसला. तो बराच वेळ गुडघ्यावरची माती खरवडत राहिला. मग म्हणाला, "टेकाडावर राहा. कोण हाकलतंय तुला? सहीचं मातुर बघू."

"बरं. मी भिंत बी घालणार आणि प्रांताकडं अर्ज बी घालणार," बाई म्हणाल्या. "दोन्ही तुझ्या तोंडावर सांगाय आलीया. मागनं कुणी कान भरायला नकोत."

त्याच दुपारी टेकाडावर जाऊन त्यांनी खड्डा काढला, पाणी ओतलं, बरणी भरली. माती उत्तम निघाली. वर्षभर आम्ही जी शोधत होतो तीच.

घर झालं. पाया जांभ्याचा, भिंती हातभर जाड, चिखल भाताचं तूस घालून आठ दिवस मुरवलेला. पश्चिमेचा पाऊस भिंतीला खातो म्हणून त्या अंगाला गवताच्या झडी, म्हणजे ताट्या, बांधल्या. आणि तो चिखल तुडवायला रोज पहाटे कोण यायचं? भाऊ. धोतर वर खोचून, बैल घेऊन. कुणी बोलावलं नव्हतं. सगळ्या भिंतींचा चिखल त्यानं तुडवला. पाय दिले, सही दिली नाही. या माणसाला शिव्या कशा द्यायच्या हे मला पत्रकांनी शिकवलं नव्हतं.

आज त्या घरात गोबरगॅसवर भाकरी होते, त्याच गॅसवर बत्ती लागते, हौद होळीपर्यंत पुरतो आणि पुढं जुन्या आडाचं पाणी आहे. लांबून लोक बघायला येतात. साहेब येतात, भिंतीला हात लावतात, वहीत लिहून घेतात. बाई त्यांना बरणी दाखवतात. आणि सातबाऱ्यावर ते टेकाड आजही भावाचं एकट्याचं आहे. प्रांताकडं तारखा पडतात, बाई प्रत्येक तारखेला जातात. भाऊ आहे तोवर कुणी हाकलणार नाही. भावाच्या मागं त्याची पोरं आहेत, पोरांना सुना येतील, त्यांनी काही चिखल तुडवलेला नाही.

आता तुम्हाला सांगतो. हे वाचून 'काय जिद्दीची बाई' म्हणाल आणि पत्ता विचाराल. पत्ता मिळणार नाही. तुम्ही भाऊ असाल तर आधी तुमच्या तलाठ्याकडं जा, फेरफाराचं पान काढायला लावा, तुमच्या बहिणीची सही त्यावर आहे का बघा. असली तर तिथंच, त्याच दिवशी, तिचं नाव पुन्हा लावायचा जबाब तुमच्या सहीनं द्या. तिनं मागेपर्यंत थांबू नका.